गावी राहायला जातोय, खिल्लार गाय घ्यायचीय. जुनी माणसं प्रत्येक ऋतूत जनावरांची निगा कशी राखायची?

आमचं गाव आटपाडीकडं, म्हणजे खिल्लारचाच मुलूख. आमच्याकडं म्हातारी माणसं एक ऋतू आधीच कामाला लागायची, सगळी गोम त्यातच आहे. चैत्रात चारा शोधत फिरलात तर कडब्याचा (ज्वारीच्या वाळल्या ताटांचा) भाव ऐकूनच घाम फुटेल, तो माघ-फाल्गुनात शाळू (रब्बीची ज्वारी) निघाला की भरून टाकायचा आणि गंज (पेंढ्यांचा ढीग) अशी रचायची की वळवाचं पाणी आत शिरणार नाही, कारण बुरशी आलेला काळा कडबा कुणी फुकट दिला तरी गव्हाणीत टाकू नये.

पावसाळ्याची तयारी वैशाखात. गोठ्यात मुरूम चोपून घ्या, मुताला उतार काढा, चिखलात उभं राहून खुरं सडतात. घटसर्प, फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पण पावसाआधीच टोचून घ्या (ही जुनी पद्धत नाही, पण आज्जा असता तर त्यानंपण टोचली असती). संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचो, त्यानं डास-माश्या हटतात, गोचीड नाही हटत. ते हातानं वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचे, शाळेतनं आल्यावर माझं तेच काम.

सगळ्यात जपायचं ते कोवळ्या ज्वारीला. पाऊस ओढ देतो आणि गुडघाभर पीक सुकायला लागतं, नाहीतर कापलेल्या बुडख्यांना हिरवेगार फुटवे येतात, त्यात सायनाइडचं विष तयार होतं. आमची कालवड दावं तोडून असल्याच फुटव्यात शिरलेली, डॉक्टर पोचेपर्यंत खेळ खलास. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापून घालूच नका.

थंडीत फार काही नाही, पाठीवर गोणपाट आणि वाऱ्याच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा.

पुढं बैल घेतलेत तर बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) आदल्या दिवशी खांदेमळणी असते, खांदा गरम पाण्यानं शेकून हळद-लोणी चोळायचं. लोकांना ती पूजा वाटते, पण पेरणीत जू घासून खांदे सोललेले असतात म्हणून ते आहे.

आणि जुनं आहे म्हणून सगळंच उचलू नका हां. लंगडणाऱ्या जनावराला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचे, पोट फुगलं की नळीनं तेल ओतायचे, ते फुप्फुसात गेलं की जनावर हातचं जायचं. असल्या वेळी सरळ डॉक्टरला फोन लावा.

गाय गाभण घेताय का, कितव्या वेताची (वेत म्हणजे विण्याची खेप), ते कमेंटमध्ये टाका, मग पेंड किती घालायची ते सांगतो.