कमॉडिटी, माल आणि भांडवलातलं मोल

सोलापूरच्या एका वाचनगटाचा प्रश्न आहे. दुसऱ्या देशांतल्या सोबत्यांबरोबर ते दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मार्क्सचा ‘कॅपिटल’ वाचतात, नंतर आपसात मराठीत चर्चा करतात. ‘कमॉडिटी’ला वस्तू म्हणावं, क्रयवस्तू म्हणावं, की पण्य?

माल म्हणा. ‘वस्तू’ तर अजिबात नको. घरात पांघरायला विणलेली चादर वस्तू आहे, उपयोगाची आहे, पण माल नाही. तीच गठ्ठ्यात बांधून विकायला निघाली की माल झाली. मार्क्स पहिल्याच प्रकरणात हा फरक करतो आणि ‘वस्तू’ म्हणताच नेमका तोच पुसला जातो. ‘क्रयवस्तू’ म्हणजे तीच चूक लांब करून; शिवाय क्रय म्हणजे खरेदी, आणि मालाचं लक्षण तो विकायला असणं हे. ‘पण्य’ अचूक आहे, पणन मंडळाच्या पाटीवर त्याचं भावंड टिकून आहे, पण बोलताना तोंडात बसत नाही. मूळ जर्मन ‘वारे’ हा रोजचा दुकानी शब्द आहे. तुमच्या चाटी गल्लीतल्या कापडदुकानांतही ‘माल आला’ म्हणतात, ‘वस्तू आल्या’ कुणी म्हणत नाही.

पण मालाची गोष्ट निघालीच आहे तर ‘भांडवल’ हा शब्द उघडून पाहा. ‘भांडवल म्हणजे पैसा’ हे सरसकट कानावर येतं आणि ते मार्क्सलाही धरून नाही, शब्दालाही नाही. पैसा देऊन माल घ्यायचा, माल विकून जास्त पैसा करायचा, ही फेरी चालू असेल तरच ते भांडवल. पेटीत पडलेला पैसा हा नुसता पैसा.

आता शब्द. संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे भांडं तर आहेच, पण व्यापाऱ्याचा मालही. भाण्डमूल्य, त्याचं प्राकृतात भंडमुल्ल, त्याचं भांडवल: मालाचं मोल! मधल्या ‘म’चा ‘व’ होणं आपल्याकडे नेहमीचं आहे: ग्राम-गाव, नाम-नाव. काहीजण ‘भांड अधिक मूल’ अशी फोड करून ‘मालाचं मूळ’ असा अर्थ लावतात. त्यांनी शेवटच्या अक्षराकडे पाहिलेलंच नाही. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो: मूल-मूळ, काल-काळ, कोमल-कोवळा. ‘ल्य’चा मात्र आधी ‘ल्ल’ आणि मग ‘ल’: मूल्य-मोल, कल्य-काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. भांडवल ‘मूल’पासून आलं असतं तर आपण भांडवळ म्हणालो असतो. यावर कानडीतला ‘बंडवाळ’ पुढे केला जातो, तिथे ‘ळ’ आहे म्हणून. माझ्या मते कानडीने तो उसना घेतला आणि आपल्या वळणाने उच्चारला. मराठी शब्दाची परीक्षा मराठीच्या नियमांनीच व्हायला हवी.

इंग्रजी ‘कॅपिटल’ लॅटिनमधल्या डोक्यावरून आला. उर्दू ‘सरमाया’तला ‘सर’ म्हणजेही डोकंच, आणि अरबी ‘रास-उल-माल’ म्हणजे संपत्तीचं डोकं; अरबीत ‘माल’ म्हणजे संपत्ती. हे तिन्ही शब्द मला सावकाराच्या वहीतले वाटतात: मुद्दल वर, व्याज खाली. आपला शब्द मात्र दुकानातून निघतो, त्याच्या एका टोकाला माल आहे आणि दुसऱ्या टोकाला मोल. परदेशी सोबत्यांना हे जरूर सांगा. मार्क्सही सुरुवात मालापासून करतो आणि तिथून मूल्याकडे वळतो.

आणि मार्क्सचं उदाहरण सांगताना ते ‘20 वार तागाचं कापड बरोबर 1 कोट’ तेवढं थांबवा. त्याच्या उदाहरणातलं कापड लिनन आहे, आणि लिनन जवसाच्या धाग्याचं असतं. तागाचं म्हणजे गोणपाट. विणकरांच्या गावात ही चूक फार खुपते. जर्मन सोबती वाराऐवजी ‘एले’ म्हणेल तर गडबडू नका, मूळ माप तेच आहे. प्रशियात ते सुमारे 67 सेंटिमीटर होतं, वार 91. प्रकरणांचे आकडेही आधी जुळवून घ्या: आज चालणाऱ्या जर्मन आवृत्तीत पहिल्या खंडाची 25 प्रकरणं आहेत, 1887च्या इंग्रजी भाषांतरात 33. पहिली तीन जुळतात, मात्र जर्मनमधलं चौथं इंग्रजीत 4, 5, 6 असं तीन ठिकाणी फुटतं, आणि तिथून पुढे ‘पाचवं प्रकरण उघडा’ म्हटलं की निम्मी मंडळी भलत्याच पानावर असतात.