खानापूरच्या आमच्या भजनी मंडळाने तुकोबांचे अभंग गाऊन यूट्यूबवर टाकले, तर कॉपीराइटची अडचण येईल का?
शब्दांमुळे अडचण येणार नाही, चालीमुळे मात्र येऊ शकते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार काव्य आणि संगीतरचना यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे तुकोबांची गाथा सर्वांना खुली आहे, परंतु अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली लोकप्रिय चाल, ती तुम्ही स्वतः गायलात तरी, त्याच्या वारसांच्या किंवा ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मालकीची असू शकते. म्हणून वारकरी परंपरेतील जुन्या चालीच गाव्यात. नवख्या मंडळाला स्वतःची ओळखही बहुधा त्यांतूनच मिळते. अर्थात, यूट्यूबची स्वयंचलित तपासणी कधीकधी पारंपरिक चालीवरही चुकीचा दावा नोंदवते. अशा वेळी तेथेच कारण देऊन हरकत घेता येते.