घरात चार वर्षांचं पोर, आणि हवाय चिवावा

प्रश्न: आमची मुलं 4 आणि 10 वर्षांची. थोरलीने वर्षभर डोकं खाल्लंय कुत्रा पाहिजे म्हणून. फ्लॅट छोटा, त्यामुळे मिस्टर म्हणतात चिहुआहुआ घेऊ, एवढुसा असतो, मुलांना पण सोपा जाईल. मैत्रीण म्हणते अजिबात नको, ते महाचावरे असतात. काय करू?

उत्तर: ताई, आधी उच्चाराचं, लिहितात चिहुआहुआ पण म्हणतात चिवावा, मेक्सिकोतल्या त्याच नावाच्या राज्यावरून पडलंय ते, आता तुम्ही घेतलात तर मुलं दिवसभर म्हणणारच म्हणून सांगून ठेवते.

मिस्टरांचा मुद्दा पहिला घेते कारण सगळी गडबड तिथेच होते. कुत्रा छोटा म्हणजे मुलांना सोपा, हे गणित उलटं आहे हो. लॅब्राडॉरच्या अंगावर चार वर्षांचं पोर धपकन पडलं तर तो बहुतेक वेळा उठून दुसरीकडे जाऊन बसतो, चिवावावर पडलं तर हाड मोडतं, आणि ते पोराचं नाही. पूर्ण वाढलेला चिवावा साधारण 2.7 किलोच्या आत असतो, पुढचा पाय हातात धरून बघा, पेन्सिल धरल्यासारखं वाटतं. कितीतरी जणांच्या डोक्यावर टाळू असते, तान्ह्या बाळाची असते तशीच मऊ जागा, फक्त बाळाची भरून येते आणि यांच्यातल्या बऱ्याच जणांची आयुष्यभर तशीच राहते. मुलाच्या हातातून निसटून फरशीवर पडणं हा यांच्यासाठी खरा धोका आहे, म्हणून आमच्या घरी कोणी पाहुणं पोर आलं की एकच नियम, उचलायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं, आमची चिवावी आली तर आली मांडीवर, नाही आली तर नाही.

आता चावरेपणा. मैत्रीण अगदीच खोटं बोलत नाहीये. पण एकदा फरशीवर पालथं पडून बघा, खरंच बघा, तिथून घर कसं दिसतं. सगळं वरून येतं, पाय वरून, हात वरून, किंचाळणारं तोंड पण वरून. अंगावर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे पळायला जागा नसली की दात दाखवण्याशिवाय त्याच्याकडे काय आहे? आणि दात दाखवण्याआधी तो भरपूर सांगत असतो, आपल्यालाच वाचता येत नाही. माझीच गोष्ट सांगते. माझी चिवावी आता 11 वर्षांची आहे, ती 2 वर्षांची असताना भाचा आला होता, 5 वर्षांचा, सोफ्याच्या कोपऱ्यात गाठलं त्याने तिला. तिने आधी तोंड फिरवलं, मग ओठ चाटले, मग कान मागे आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, आणि मग ती गुरगुरली. मी काय केलं तर तिच्यावरच ओरडले, गप म्हणून. तिने धडा बरोब्बर घेतला, गुरगुरलं की ओरडा बसतो, मग पुढच्या वेळी गुरगुरणं गाळून थेट बोटाला दात. दोनच लाल ठिपके उठले, लागलं काही नाही, पण चूक शंभर टक्के माझी होती. गुरगुरणं बंद करायचं नसतं, ते ऐकून पोराला बाजूला घ्यायचं असतं.

अजून एक, ज्याबद्दल आधी कोणी बोलतच नाही. यांना पांघरुणात शिरायचा भारी नाद. सोफ्यावर शालीचा गोळा पडलाय असं वाटतं आणि आत कुत्रा झोपलेला असतो. आमच्याकडे मोठी माणसंसुद्धा बसायच्या आधी हात फिरवून बघतात. तुमच्या धाकट्याला सोफ्यावर उड्या मारायची सवय असेल (असणारच) तर आधी ती सोडवा, मग कुत्र्याचं बघू.

मग घ्यावा का? माझं मत विचाराल तर आत्ता पिल्लू नको. धाकटा 7-8 वर्षांचा होऊ द्या. तोवर थोरली थांबणार नसेल तर 3-4 वर्षांचा, मुलांच्या घरात राहिलेला मोठा कुत्रा बघा, ज्याचा स्वभाव आधीच कळलेला आहे, आणि घरी आणायच्या आधी दोन-तीनदा मुलांना नेऊन भेटवा. पिल्लूच घ्यायचं ठरलं तर त्याची आई बघायला मिळालीच पाहिजे, ती माणसांना बिचकणारी असेल तर सरळ परत फिरा. टीकप म्हणून विकतात त्याच्या नादाला लागू नका, तशी वेगळी जात नसते, मुद्दाम आणखी बारीक काढलेली पिल्लं असतात ती आणि दुखणी जास्त. आणि हे 14-16 वर्षं जगतात, म्हणजे थोरली शिकायला बाहेर पडेल तेव्हा कुत्रा तुमच्याच गळ्यात, तर हट्ट तिचा असला तरी हौस तुम्हाला आहे का ते आधी बघा.

प्रश्न: आमचं पिल्लू 3 महिन्यांचं आहे, सारखं थरथरतं. आजारी आहे की घाबरलंय?

उत्तर: चिवावा थरथरतातच. अंग एवढंसं असल्यामुळे ऊब पटकन निघून जाते म्हणून थंडीने, आनंदाने, भीतीने, दाराची बेल वाजली म्हणून पण. खात-खेळत असेल तर स्वेटर घाला आणि विसरा. पण थरथरतंय, मलूल आहे, पाय लटपटतायत, हाक मारल्यावर बघत नाही असं असेल तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते, एवढ्या छोट्या पिल्लांत एखादं जेवण चुकलं तरी होतं. गिळत असेल तर हिरड्यांना बोटाने मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तसंच उचलून डॉक्टरकडे, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. जेवण दिवसातून 4 वेळा थोडंथोडं द्या. आणि गळ्यात पट्टा बांधला असेल तर काढून हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या, यांची श्वासनळी नाजूक असते, ओढ बसून बसून खोकला लागतो. दुधाचे दात 7 महिन्यांपर्यंत पडले नाहीत तर दाखवून घ्या, यांच्या तोंडात दुधाचा आणि पक्का असे दोन्ही दात शेजारी शेजारी उभे राहायची सवय असते.

प्रश्न: आमचा 2 वर्षांचा चिवावा माझ्या मांडीवर असला की नवऱ्याला सोफ्यावर बसू देत नाही, भुंकून घर डोक्यावर घेतो. नवरा आता स्टुलावर बसतो. हसू पण येतं आणि रडू पण.

उत्तर: नवऱ्याला सोफा परत मिळवून द्या आधी! ही जात एकाच माणसाला चिकटते, आणि आपल्याला ते गोड वाटतं म्हणून आपणच खतपाणी घालतो. तो गुरगुरला की ओरडू नका, कुरवाळू पण नका, काही न बोलता उठून उभं राहा, मांडीच गायब. दर वेळी, न चुकता. आणि संध्याकाळचं जेवण महिनाभर फक्त नवऱ्याने द्यायचं, फिरायला पण त्यानेच न्यायचं, तुम्ही त्या वेळी आतल्या खोलीत. पहिले काही दिवस तो दाराशी बसून तुमच्या नावाने रडेल, तेवढं तुम्हाला सहन करावं लागेल, त्याच्यापेक्षा तुम्हालाच जड जाणारे ते.