‘ऑडिओ ग्राफ’ला ‘आलेख’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ब्राउझरमध्ये कोड लिहून आवाज घडवू देणाऱ्या ‘वेब ऑडिओ’सारख्या साधनाची माहिती मराठीत लिहिताना ‘ऑडिओ ग्राफ’साठी, म्हणजे आवाजाचे घटक एकमेकांना जोडून केलेल्या रचनेसाठी, ‘ध्वनी-आलेख’ चालेल का?

माझे मत स्पष्ट आहे: नको. ‘आलेख’ वाचला की डोळ्यांपुढे दोन अक्ष आणि त्यांवरची वक्ररेषा येते. इथला ग्राफ त्या कुळातला नाही. १८७८ मध्ये सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने ‘नेचर’मध्ये हा शब्द वापरला तो अणू आणि त्यांचे बंध दाखवणाऱ्या आकृतीसाठी. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, बस. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा), फिल्टर (काही वारंवारता दाबणारा), गेन (आवाजाची पातळी कमी-जास्त करणारा) हे घटक एकमेकांना जोडत आपण आवाज स्पीकरपर्यंत नेतो, ती रचना याच जातीची.

गोंधळ प्रत्यक्षात कसा होतो पाहा. ‘आलेखातून फिल्टर काढून टाका.’ फिल्टर कोणत्या वारंवारतेला किती दाबतो, हे दाखवणारा खराखुरा आलेखही त्याच पानावर असतो. वाचक बिचारा चित्रातली रेषा पुसायला जाईल!

मी ‘जोडणी’ लिहितो. कोडमध्ये ‘कनेक्ट’ आहेच, त्यामुळे ‘जोडणे’ हे क्रियापद आणि ‘जोडणी’ हे नाम एकाच धातूतून मिळतात. ‘जोडणीतून फिल्टर काढा’ यात शंकेला जागा उरत नाही. काही जण ‘साखळी’ सुचवतात, पण साखळीत कडीपुढे एकच कडी असते. इथे मूळ आवाजाला फाटा फुटतो, एक शाखा थेट पुढे जाते, दुसरी घुमारा घेऊन येते आणि दोन्ही पुन्हा एका गेनमध्ये मिळतात. तिथे त्यांची आपोआप बेरीज होते. या जागेला ‘संगम’ म्हणायला मला फार आवडते.

‘नोड’, म्हणजे ग्राफमधला बिंदू (इथे फिल्टर किंवा गेनसारखा एकेक घटक), हा शब्द मात्र तसाच ठेवावा. ध्वनिशास्त्रात त्याचा प्रतिशब्द ‘निस्पंद’ आहे, म्हणजे स्थिर तरंगातली न हलणारी जागा. आपला नोड तर आवाजावर काम करतो, अर्थ अगदी उलटा होईल. वनस्पतिशास्त्रातले ‘पेर’ गोड आहे, पण पेरे एकाच खोडावर ओळीने येतात, म्हणून पुन्हा साखळीचीच अडचण. आणि ‘एज’ला, म्हणजे दोन नोडना जोडणाऱ्या रेषेला, कृपया ‘कडा’ म्हणू नका, ‘दुवा’ म्हणा. कडेवरून आवाज वाहत नाही, दुव्यातून जातो.