लॉ क्लर्कचं दुसरं वर्ष: दिल्ली की रत्नागिरी?

प्रश्न: एलएल.बी.नंतर मुंबई उच्च न्यायालयात लॉ क्लर्क, म्हणजे न्यायमूर्तींच्या कामात मदतनीस, आहे. वर्षाची मुदत दोन महिन्यांत संपते. सर्वोच्च न्यायालयात लॉ क्लर्क होण्यासाठी अर्ज करावा का? रत्नागिरीतले एक ज्येष्ठ वकील ज्युनियर म्हणून घ्यायला तयार आहेत. पुढे दिवाणी न्यायाधीशाची परीक्षाही द्यायची आहे आणि लॉ क्लर्कचा अनुभव त्यात धरतात असं ऐकलं.
— एक वाचक, राजापूर

उत्तर: ऐकलंत ते बरोबर आहे, पण त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. २० मे २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली आणि लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्यात धरायला सांगितलं. म्हणजे तुमचं एक वर्ष जमा. पुढचं वर्ष दिल्लीत घालवा नाहीतर रत्नागिरीच्या कोर्टात, हिशेबात ते एकच धरलं जाणार. जमा झालेलं वर्ष मात्र कागदावर पक्कं करा. रुजू झाल्याची आणि मुदत संपल्याची तारीख असलेलं अनुभवपत्र न्यायमूर्तींचं चेंबर सोडण्याआधीच मागून घ्या. वकिलीचा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, म्हणून वकिलीच्या सनदेचं काम रेंगाळू देऊ नका. पुढे किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा शेरा हवा. तुमचं नाव असलेल्या वकीलपत्रांच्या प्रती पहिल्या दिवसापासून जपा.

आता खरा प्रश्न कामाचा. दिल्लीतला मोठा वेळ विशेष अनुमती याचिकांत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करायची परवानगी मागणाऱ्या अर्जांत, जातो. सोमवारच्या आणि शुक्रवारच्या बोर्डासाठी, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीसाठी, प्रत्येक फाइलची छोटी टिपणी करायची: घटना काय, खालच्या कोर्टांनी काय ठरवलं, मुद्दा उरतो का. तीनशे पानांतून दीड पान काढायची ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते. पण ती पुष्कळशी तुम्हाला मुंबईतही लागली असणार. साक्षीदार पिंजऱ्यात जबाब कसा फिरवतो, कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, कशी पडते, हे दोन्हीकडे फारसं दिसत नाही.

कोकणातले दावे तर खालच्या कोर्टातच जिंकले किंवा हरले जातात. सामाईक कलमबागेच्या वाटपाचा दावा घ्या. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातले दोघे बोरिवलीला. आत्या लग्न होऊन देवगडला गेलेली, तिची वारस नोंदच झालेली नाही. तिला पक्षकार केलं नाही, तर आवश्यक पक्षकार नसल्याची हरकत येते आणि दावा अडकतो. ही चूक सापडते ती पक्षकाराला समोर बसवून वंशावळ लिहून घेताना. उच्च न्यायालय दुसरं अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतं. पुराव्यात राहिलेली फट तिथे सहसा बुजत नाही, हे तुम्ही वर्षभर वरून पाहिलंच आहे. आता ते खालून पाहा.

म्हणून आमचं मत रत्नागिरीच्या बाजूने आहे. आणखी एक कारण: १८ ऑगस्ट २०२५पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे, जातात. अपिलासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही, त्यामुळे जिल्ह्यात राहूनही उच्च न्यायालयात उभं राहता येईल. त्या कामाला तुमचं मुंबईचं वर्ष थेट उपयोगी पडेल.

अपिलांची वकिली मुंबई-दिल्लीतच करायची असं पक्कं असेल, तर मात्र जरूर जा. वस्तुनिष्ठ परीक्षा, मग लेखी, मग मुलाखत अशी निवड असते. २०२५च्या जाहिरातीत मानधन दरमहा ८०,००० रुपये होतं. ज्युनियरला रत्नागिरीत त्याच्या जवळपासही मिळणार नाही. घरावर कर्ज असेल तर हा आकडा बाजूला सारू नका, त्यात कमीपणा नाही.

अर्ज भरलात तर ज्येष्ठांना आजच सांगा. निकाल लागेपर्यंत गप्प राहून मग नकार कळवला, तर लहान जिल्ह्याच्या वकीलवर्गात ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. त्यांना तुम्हीही विचारा: सहा महिन्यांत एखादा उलटतपास मिळेल का, की फक्त तारखा घ्यायच्या? तारखाच असतील तर दुसरं ऑफिस शोधा.

चेंबरमधल्या टिपण्या आणि मसुदे सोबत आणायचे नाहीत. रुजू होण्याआधी ज्येष्ठांकडून निकाली निघालेल्या एका वाटपाच्या दाव्याची फाइल मागा आणि वादपत्रापासून हुकूमनाम्यापर्यंत सलग वाचा, प्रत्येक निशाणीसमोर ती कोणी आणि कशी सिद्ध केली हे लिहीत.