जिब कॉकपिटमधूनच गुंडाळता येईल का?

प्रश्न: माझी २० फुटी शिडाची बोट आहे. जिब, म्हणजे पुढचं शीड, जुन्या पद्धतीचीच, फोरस्टेला (डोलकाठीवरून बोटीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, येणारी तार) एकेक हुक अडकवून चढवायची आणि वारा वाढला की नाळेवर रांगत जाऊन उतरवायची. बरोबर बहुतेक वेळा मुलगी असते, ती मागे कॉकपिटमध्ये (बसायच्या जागेत) सुकाणू धरते आणि मी पुढे लाटा अंगावर घेत शीड आवरत बसतो, तिचा जीव नुसता टांगणीला लागतो. रोलर फर्लिंग, म्हणजे मागून दोरी ओढून शीड गुंडाळायची सोय, बसवावं का? घरच्या घरी जमेल का आणि हेच शीड चालेल का?

उत्तर: बसवाच. मुलगी मागे एकटी आणि तुम्ही नाळेवर, एवढं एक कारण मला पुरेसं आहे. फक्त आधी एक ठरवा, शीड नुसतं उघडायचं-मिटायचंय की वारा वाढल्यावर अर्धं गुंडाळून चालवायचंय? छोट्या बोटींसाठी साधा फर्लर मिळतो, त्यात शिडाच्या पुढच्या कडेत तार शिवलेली असते, खाली ड्रम (गुंडाळायची दोरी भरलेली फिरकी) आणि वर स्विव्हल (फिरता जोड). हलका असतो, बसवायलाही सोपा, पण खाली दिलेला पीळ वरपर्यंत नीट पोचत नाही त्यामुळे अर्धं गुंडाळलं की वरचा भाग फुगून फडफडत राहतो. अर्धं गुंडाळायचं असेल तर फोरस्टेवर अॅल्युमिनियमची खाचेची नळी चढते तोच प्रकार घ्या, ती खालपासून वरपर्यंत एकसाथ फिरते.

शीड चालेल, पण शिवणाऱ्याकडे न्यावं लागेल. हुक काढून खाचेत सरकणारी टेप लावायची, आणि खाली ड्रम, वर स्विव्हल जागा खातात म्हणून पुढची कड थोडी कमी करायची. मापं नळी बसल्यावरच घ्या, आधी नको. मागच्या आणि खालच्या कडेला उन्हापासून वाचवणारी पट्टी लावून घ्या, गुंडाळल्यावर ती बाहेरच्या बाजूला आली पाहिजे, म्हणून ड्रमवर दोरी कुठल्या दिशेने भरायची ते त्यावरून ठरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वरचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी. स्विव्हलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो आणि वरचा स्थिर राहायला हवा. हॅलयार्ड फोरस्टेला अगदी समांतर असेल तर तोच नळीभोवती गुंडाळला जातो, म्हणून तो डोलकाठीकडे साधारण ८ ते १० अंश मागे जायला हवा. शीड आखूड असेल तर शिडाच्या वरच्या टोकाला तारेचा तुकडा जोडून स्विव्हल नळीच्या वरच्या टोकापर्यंत न्या. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. एकदा फर्लिंगची दोरी जड झाली, मला वाटलं वाऱ्याचा जोर आहे, मी ती विंचवर (दोरी जोराने ओढायच्या चरकावर) घेतली आणि ओढत राहिलो, वरून कटकट आवाज आला तरी वर बघितलं नाही. नंतर डोलकाठी उतरवली तर फोरस्टेचा वरच्या टोकाजवळचा पीळ खराट्यासारखा उलगडलेला, १९ तारांपैकी २ तुटलेल्या. फोरस्टे गेला असता तर डोलकाठी थेट कॉकपिटवर आली असती. तेव्हापासून माझा नेम एकच, फर्लिंगची दोरी हातानेच ओढायची आणि हाताने येत नसेल तर थांबून वर बघायचं.

खाली दोरी ड्रमच्या मधोमध आणि फोरस्टेला काटकोनात शिरू दे. शीड उघडताना दोरी एकदम मोकळी सोडू नका, हलका ताण ठेवा, नाहीतर वेढे सैल पडून एकमेकांखाली अडकतात. शीड पूर्ण गुंडाळून वर शीटचे (शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणाऱ्या दोरीचे) २-३ वेढे बसल्यावरही ड्रमवर ४-५ वेढे शिल्लक पाहिजेत, कारण जोराच्या वाऱ्यात गुंडाळी घट्ट होते आणि जास्त फेरे लागतात, नेमकी तेव्हाच दोरी संपली तर पंचाईत.

घरी जमतं, नक्की जमतं. डोलकाठी आडवी करता येत असेल तर उत्तमच, उभ्यावर करणार असाल तर फोरस्टे सोडायच्या आधी हॅलयार्ड नाळेला घट्ट बांधा. तार जुनी असेल तर आत्ताच बदला, नळीखाली झाकली गेली की परत दिसत नाही. खाली टॉगल (हलता जोड) हवाच, नाहीतर तार एकाच जागी वाकून वाकून थकते.

अर्धं गुंडाळल्यावर शीटचा पॉईंट, म्हणजे ती दोरी डेकवर जिथून ओवली जाते ती जागा, पुढे सरकवा. तरी शीड थोडं पोटाळलेलं राहील, हुकवाल्या छोट्या जिबएवढं ते वाऱ्यावर (वारा येतो त्या दिशेला) चढणार नाही, हे मान्य करूनच बसवा. आणि वादळाचा अंदाज असेल तर शीड गुंडाळून ठेवू नका, सरळ खाली उतरवून ठेवा, गुंडाळी मधूनच सुटली तर ते शीड मग हाताने आवरत नाही.