स्क्रॅचमध्ये स्वतः केलेल्या ब्लॉकमधून उत्तर परत का मिळत नाही?

स्क्रॅचमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत, 'दोनपैकी मोठी संख्या' असा ब्लॉक केलात, पण तो 'से' (बोल) या ब्लॉकच्या गोल खाचेत बसत नाही, असं तुम्ही विचारलंय. बसणारच नाही. स्वतःचे ब्लॉक २०१३ च्या स्क्रॅच २.० मध्ये आले, पण ते नुसतं काम करतात, किंमत परत देत नाहीत. किंमत परत देणाऱ्या ब्लॉकची मागणी जुनीच आहे. स्क्रॅचचा कोड खुला आहे हे खरं, पण कुणी लिहून दिलं म्हणून ते आत घेतलं जातंच असं नाही. आठ वर्षांच्या मुलासमोर ब्लॉकचा आणखी एक आकार वाढवायचा का, हा खरा प्रश्न, आणि तिथे हात आखडता घेणं मला पटतं.

तोडगा: 'निकाल' नावाचं व्हेरिएबल (किंमत ठेवायचा डबा) करा, ब्लॉकच्या शेवटी त्यात किंमत भरा आणि 'से'मध्ये ते व्हेरिएबल टाका. रिकर्शन असेल, म्हणजे ब्लॉक स्वतःलाच पुन्हा बोलावत असेल, तर पंचाईत होते, कारण सगळ्या फेऱ्यांचा डबा एकच. तेव्हा सरळ बर्कली विद्यापीठाचं स्नॅप (स्क्रॅचसारखीच भाषा) उघडा, तिथे किंमत परत देणारा गोल ब्लॉक करता येतो.